नावाच्या रकान्यात ‘मुलगी’: कोकणातील विवाह व जन्म निबंधकांना खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायत अधिकारी, विवाह निबंधक आणि जन्म-मृत्यू निबंधक यांस

विषय : परदेशस्थ जोडीदाराकडे जाण्यासाठी लागणाऱ्या विवाहाच्या व जन्माच्या दाखल्यांतील चुका आणि त्यांची दुरुस्ती

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी देवगड तालुक्यातील एका गावात राहते आणि तालुक्यातीलच एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये सासरच्या गावी, घरासमोरच्या खळ्यात मांडव घालून झाले. माझे पती सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेले. आज ते तिथले नागरिक आहेत आणि न्यू जर्सीत नोकरी करतात. लग्नानंतर ते पाच आठवडे इथे होते. आता जून २०२५ उजाडला आहे आणि मधल्या अडीच वर्षांत आम्ही एकमेकांच्या सहवासात काढलेले दिवस फक्त बारा आहेत. मी सासरच्या घरात आजेसासूंबरोबर राहते, पती तिकडे एका खोलीत राहतात, आणि आमचा संसार ज्या कागदांवर अडला आहे त्यांतले दोन महत्त्वाचे कागद आपल्यासारख्यांच्या दप्तरातून निघालेले आहेत. म्हणून हे पत्र अमेरिकेच्या सरकारला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

परदेशी सरकारच्या कामाला लागणारा वेळ आपल्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे माझी तक्रारही नाही. पण या प्रक्रियेचा नेमका कोणता भाग तिकडचा आणि कोणता आपल्या गावचा, हे आपल्यापैकी अनेकांपर्यंत पोहोचलेले नसावे असे मला अनुभवाने वाटते, त्यामुळे ते थोडक्यात सांगते. अमेरिकी नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला वर्षाला अमुक इतकेच व्हिसा अशी मर्यादा नसते. ग्रीनकार्डधारकाच्या, म्हणजे नागरिक नसून तिथे कायम राहण्याचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला नंबर लागण्याची वाट पाहावी लागते, तशी आम्हाला पाहावी लागत नाही. आमची प्रतीक्षा असते ती कागद तपासले जाण्याची. आधी पतीने यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे आय-१३० नावाचा अर्ज करायचा आणि विवाह कायदेशीर व खरा आहे हे दाखवायचे. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन शुल्के भरून पत्नीचा डीएस-२६० हा अर्ज, पतीच्या उत्पन्नाचे हमीपत्र, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारी पीसीसी, म्हणजे पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद नसल्याचे प्रमाणपत्र, हे सगळे पाठवायचे. ते सर्व पुरेसे ठरले, तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत होते, तिच्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते, आणि मग व्हिसा मिळतो.

आमचा आय-१३० अर्ज पतीने फेब्रुवारी २०२३ मध्ये केला. तिकडची कागदपत्रे, म्हणजे करविवरण, नोकरीचे पत्र, नागरिकत्वाचा पुरावा, हे सर्व एका शनिवारी गोळा झाले. इकडची दोन कागदपत्रे सरळ व्हायला मात्र दीड वर्ष गेले असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

त्या दोन दाखल्यांना इतके महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. एका घरात राहणाऱ्या पतिपत्नीला आपले लग्न सिद्ध करायचे झाले तर त्यांच्याकडे दोघांच्या नावाचा भाडेकरार असतो, वीजबिल असते, बँकेचे सामाईक खाते असते, एखाद्या लेकराचा दाखला असतो. वेगळे राहणाऱ्यांजवळ यातले काहीच नसते. आमच्याजवळ लग्नाचे फोटो आहेत, लग्नपत्रिका आहे, विमानाची तिकिटे आहेत आणि मोबाइलवरच्या संभाषणाच्या नोंदी आहेत. आमच्या घरात रेंज येत नाही, म्हणून मी रोज पहाटे सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावर, जाते. तिथल्या एका कातळावर उभे राहिले की व्हिडिओ कॉल लागतो. उन्हाळ्यात त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलली की माझी सड्यावर जाण्याची वेळही बदलते. त्या कॉलचे पडद्यावरचे फोटो मी महिन्यावार जपून ठेवले आहेत. पण हे सगळे पुरावे दुय्यम आहेत. कोणताही अधिकारी सर्वांत आधी पाहतो तो विवाहाचा दाखला, आणि ज्याने आम्हाला कधी पाहिलेले नाही त्याच्या दृष्टीने आमचे लग्न म्हणजे आपल्या नोंदवहीतली ती एक ओळ असते. ती ओळ चुकली की आम्ही स्वतः कितीही खरे असलो तरी त्याचा उपयोग होत नाही.

आमची ओळ चुकली होती. घडलेला प्रकार मी जसाच्या तसा सांगते. ग्रामपंचायतीचे नाव लिहीत नाही, कारण कोणा एका व्यक्तीवर ठपका ठेवावा असा या पत्राचा हेतू नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत आमच्या सासरी आहे, आणि त्या रीतीप्रमाणे माझेही नाव लिहिले गेले. ते नाव घरात प्रेमाने घेतले जाते आणि मला ते आवडते. पण मी कायद्याने नाव कधी बदललेले नाही. माझा पासपोर्ट, पदवी, नोकरीची नेमणूक आणि आधार सगळे माहेरच्या नावाने आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी आम्ही नोंदणीला गेलो. नमुना ड भरताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी नवे नाव सांगितले, लिहिणाऱ्याने ते लिहिले, आणि वधूच्या रकान्यात नवे नाव, पतीचे नाव, सासरचे आडनाव असे तिन्ही नव्याने उमटले. पतीच्या आडनावात ‘व’ आहे. पासपोर्टवर तो इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने लिहिलेला आहे आणि दाखल्यावर ‘व्ही’ने आला. मी मात्र सवयीने माझी नेहमीची सही केली. म्हणजे एकाच कागदावर वर छापलेले नाव एकीचे होते आणि खाली सही दुसरीची होती. ही चूक त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही, आणि मी भाषा शिकवणारी बाई असून तो कागद शेवटपर्यंत वाचला नाही, याची खंत मला आजही आहे.

जानेवारी २०२४ मध्ये यूएससीआयएसचे पत्र आले. दाखल्यातील वधू आणि अर्जातील स्त्री एकच आहे, आणि दाखल्यातील वर व अर्जदार एकच आहे, याचा पुरावा द्यावा, अशी त्यात मागणी होती. अशा मागणीला उत्तर देण्यासाठी जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि ती मुदत वाढवून मिळत नाही. उत्तर न गेल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि सगळे पहिल्यापासून, शुल्कासकट, सुरू करावे लागते. आमची मुदत १ एप्रिलला संपत होती. पत्र आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेले. दुरुस्तीसाठी पतीने स्वतः हजर राहिले पाहिजे, असे मला सांगण्यात आले. ते परदेशात आहेत, तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र पाठवू शकतात, असे मी म्हटले. त्यावर तसे चालत नाही असे उत्तर मिळाले. ते कोणत्या नियमाने चालत नाही, हे कोणी लिहून दिले नाही.

पतीने उसनवारी करून तिकीट काढले आणि फेब्रुवारीत बारा दिवसांसाठी आले. त्यांतले सात दिवस आम्ही त्या कचेरीच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर काढले. पहिल्या दिवशी साहेब तालुक्याला बैठकीला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते अतिरिक्त कार्यभाराच्या गावी होते. तिसऱ्या दिवशी ते भेटले, पण लग्नाच्या वेळचे तीनही साक्षीदार पाहिजेत असे म्हणाले, आणि त्यांतले एक साक्षीदार मुंबईजवळ नालासोपाऱ्यात राहतात. मग वीज नव्हती, मग संगणक चालवणारा मुलगा रजेवर होता. सातव्या दिवशी दुसऱ्या एका अधिकाऱ्याने आमचे कागद पाहून शांतपणे सांगितले की प्रतिज्ञापत्र आले असते तरी भागले असते. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनीच खरे ते सांगितले. पण त्या बाकावर माझ्या शेजारी बसलेले माझे पती काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हातातली फाइल बंद केली आणि तिची दोरी पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले. ते परत गेल्यानंतर २२ मार्चला दुरुस्त दाखला हातात आला. मुदत संपायला दहा दिवस उरले होते. मे महिन्यात अर्ज मंजूर झाला.

आता जन्माच्या दाखल्याविषयी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, ही साधी गोष्ट कचेरीत काम करणाऱ्याला माहीत असते, पण दाखला शोधणाऱ्या मुलीला ती उशिरा कळते. माझे माहेर कणकवली तालुक्यात, आजोळ राजापूर तालुक्यात आणि सासर देवगडला. माझी नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात होती. तिथे पहिल्या वेळी मला ‘नोंद आढळत नाही’ असे लिहून मिळाले. त्या एका ओळीच्या दाखल्यावर पुढचे सगळे काम करता आले असते, कारण नोंद खरोखरच नसेल तर तसे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे वकिलात पाहते. पण माझ्या आईला खात्री होती. तिला त्या वर्षीचा श्रावण आठवत होता, सुईणीचे नाव आठवत होते, आणि नोंद करायला तिचे वडील स्वतः गेले होते हेही आठवत होते.

मी पुन्हा गेले आणि नावाने न शोधता महिन्याने शोधावे अशी विनंती केली. ऑगस्ट १९९३ ची पाने ओलीने फुगून एकमेकांना चिकटली होती, कडा कसरीने खाल्ल्या होत्या, शाई मात्र निळीशार होती. तिसऱ्या पानावर ११ ऑगस्टची नोंद सापडली. वडिलांच्या नावाच्या जागी ‘बाबल’ असे लिहिले होते, कारण आजोळच्या गावात माझ्या वडिलांना सगळे त्याच नावाने ओळखत. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘मुलगी’. आजोबांनी बारशाच्या आधी नोंद केली होती आणि नंतर नाव सांगायला कोणी गेले नव्हते. मी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. एकतीस वर्षे त्या दप्तरात मी बिननावाची होते.

नॅशनल व्हिसा सेंटरने ऑगस्ट २०२४ मध्ये माझा जन्मदाखला नाव नसल्याच्या कारणाने परत केला. त्यानंतरची दुरुस्ती व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. वास्तविक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये नावाशिवाय झालेल्या नोंदीत पालकांनी नंतर तोंडी किंवा लेखी नाव कळवावे आणि निबंधकांनी ते नोंदवावे अशी तरतूद आहे. त्यासाठीची पंधरा वर्षांची मुदत उलटून गेलेल्यांसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढही दिलेली आहे. चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी कलम १५ आहे. मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहून, सही करून, तारीख टाकायची असते. हे सर्व मला कचेरीतून कळले नाही, मी ते स्वतः वाचून शोधले. मला आधी सांगण्यात आले ते न्यायालयाचा आदेश आणा असे, मग राजपत्रात नाव बदलून घ्या असे. मी नाव बदललेलेच नव्हते. राजपत्रात गेले असते तर दोन नावांची तीन झाली असती. माझे वडील चौसष्ट वर्षांचे आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि पालक म्हणून त्यांनाच पावसाळ्यात तीन वेळा एसटीने राजापूर तालुक्यात जावे लागले. दोन वेळा ते नुसते जाऊन आले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कागद पुरे झाल्याचे कळवणारे पत्र आले आणि तेव्हापासून आम्ही मुलाखतीच्या तारखेची वाट पाहत आहोत. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी तिकडे पोहोचणाऱ्या जोडीदाराला दोन वर्षांचे सशर्त ग्रीनकार्ड मिळते आणि नंतर अटी काढण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आमच्याबाबतीत ती अट आता लागू होणार नाही, कारण ती दोन वर्षे इथेच सरली.

काही महिने इकडे किंवा तिकडे गेले तर काय बिघडले, असे मला एका कचेरीत विचारले गेले होते. काय बिघडते ते सांगते. परदेशांचे नियम आणि शुल्के आपल्यासाठी थांबत नाहीत. आम्ही जो आय-१३० अर्ज ५३५ डॉलर भरून केला, त्याचे कागदी अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ६७५ डॉलर झाले. आमचा अर्ज फेटाळला गेला असता तर आम्ही ते नव्याने भरले असते. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंडांचे उत्पन्न पुरत होते. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती अट २९,००० पौंडांवर गेली. रत्नागिरी जिल्ह्यात ब्रिटनशी सोयरिकी असलेली गावे आहेत. त्या दिवसाच्या आत अर्ज गेला की जुनी अट आणि एक दिवसाने गेला की नवी, अशा वेळी एखाद्या मुलीचा दाखला ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणून राहिला असेल, तर त्या एका सोमवाराने तिच्या संसाराची किती वर्षे नेली असतील, याचा विचार व्हावा. आखाती देशांत पत्नीला नेऊ पाहणाऱ्यांनाही विवाहाच्या दाखल्यावर शिक्क्यांमागून शिक्के घ्यावे लागतात, आणि मूळ दाखलाच चुकलेला असेल तर ते सगळे शिक्के फुकट जातात.

पर्यटक म्हणून मध्येच जाऊन यावे, असेही लोक सुचवतात. ज्या स्त्रीचा कायमच्या व्हिसाचा अर्ज चालू आहे ती परत येईलच याची खात्री वकिलातीला पटणे अवघड असते, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

एक गोष्ट मला विशेष लागते आणि ती मोकळेपणाने लिहिते. कोकणात नवरा दूर असणे हे काही नवलाचे नाही, त्यामुळे आमच्या घाईला इथे कोणी घाई मानत नाही. ‘आमच्या आया-आज्या नाही राहिल्या का?’ असे मला कचेरीतही ऐकवले गेले आहे. माझ्या आजेसासू अशाच राहिल्या. त्यांचे यजमान मुंबईत गिरणीत होते, लालबागच्या गाळ्यात वीस जणांत राहत, आणि १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी आले. तोवरची सगळी वर्षे त्यांनी शिमगा ते गणपती आणि गणपती ते शिमगा अशी मोजली. पण त्या स्वतःच मला सांगतात की माझे दिवस त्यांच्यासारखे नाहीत. त्यांचा नवरा आजारी पडला तेव्हा त्या बोटीत बसून मुंबईला गेल्या होत्या. त्यांना कोणी दाखला विचारला नाही. मनिऑर्डर उशिरा आली तर पोस्टमनकडे चौकशी करता येत होती. माझे पती गेल्या वर्षी एका शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रुग्णालयात होते आणि मी सड्यावर उभी राहून त्यांच्या मित्राकडून त्यांची खबर घेत होते. आजी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर एकच विचारतात, “कागद इलो काय गो?” त्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी गेल्यावर या घरात त्यांच्याजवळ कोण असेल हा प्रश्न आम्हा दोघींच्याही मनात असतो, आणि तरी त्या कागदाचीच वाट पाहतात.

आपल्यावरचा कामाचा भार मी जाणते. गेल्या वर्षी ग्रामसेवक हे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण काम कमी झालेले नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, ग्रामसभा, घरकुलांच्या याद्या, रोजगार हमीची मस्टर, वित्त आयोगाच्या खर्चाच्या ऑनलाइन नोंदी, निवडणुकीची कामे, आणि त्यात दुसऱ्या गावाचा कार्यभार; एवढ्या रगाड्यात एका आडनावातल्या एका अक्षराकडे लक्ष जाणे कठीण आहे. यंदा तर पाऊस २५ मेलाच दारात आला आणि पंचनाम्यांची कामेही लवकर सुरू झाली. म्हणूनच मी ज्या गोष्टी मागते आहे त्या काम वाढवणाऱ्या नाहीत. पहिल्या वेळी नीट लिहिले गेले तर दुरुस्तीचे काम आपल्याकडे येणारच नाही.

पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती नावाविषयी आहे. विवाहाची नोंद करताना वधूचे नाव तिच्या शाळेच्या दाखल्यात किंवा पासपोर्टवर जसे आहे तसेच, तिच्या तोंडून विचारून लिहावे. घरातले नवे नाव घरात राहू द्यावे. वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो, तो मोडणे नव्या सुनेला शक्य नसते; आपण मात्र खुर्चीवरून ‘कागदावर जे आहे तेच लिहितो’ असे म्हटलेत तर कोणाचा अपमान होत नाही आणि तिची सुटका होते. वर किंवा वधू परदेशी असेल तर त्यांच्या पासपोर्टची प्रत समोर ठेवून इंग्रजी अक्षरे एकेक करून जुळवावीत. आणि दाखला अंतिम करण्याआधी एक कच्ची प्रत काढून दोघांना पाच मिनिटे वाचायला द्यावी. माझ्या हातात तशी प्रत पडली असती, तर पाच मिनिटांत जे झाले असते त्याला पुढे चौदा महिन्यांनी बारा दिवसांची रजा आणि विमानाचे भाडे लागले.

दुरुस्तीचा अर्ज आला की कोणते कागद लागतील ते त्याच दिवशी लिहून द्यावे, आणि ते शक्यतो एकदाच सांगावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दाखला वेळेत मिळणे हा आमचा हक्क मानला आहे. दुरुस्तीच्या अर्जालाही आपण स्वतः होऊन तशीच मुदत लावून घ्यावी. परदेशी असलेल्या व्यक्तीचे भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेले प्रतिज्ञापत्र कधी स्वीकारायचे, याबद्दल जिल्हा परिषदेने सर्व ग्रामपंचायतींना एकच लेखी सूचना द्यावी. आज एका गावात जे चालते ते खाडी ओलांडली की चालत नाही. जन्माची नोंद शोधताना अधिकृत नावाने सापडली नाही, तर महिन्याने, गावातल्या हाकेच्या नावाने, आईच्या नावाने पाहावी, आणि तेवढे केल्यानंतरच ‘नोंद आढळत नाही’ असे लिहावे. जुन्या नोंदवह्यांची पाने अजून वाचता येतात तोवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण आपल्याकडच्या हवेत त्या फार वर्षे टिकणार नाहीत. ज्या रकान्यांत अजून ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ एवढेच लिहिले आहे, त्या घरांना आपण होऊन कळवावे. त्या मुली आज शिकत आहेत, त्यांनाही उद्या पासपोर्ट लागेल.

याशिवाय एक सूचना आहे. यंदा गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आहे. त्या दिवसांत मुंबई, पुणे, सुरत सगळीकडचे चाकरमानी गावी असतात. साक्षीदार, पालक, वडीलधारी माणसे, ज्यांच्या सह्यांसाठी एरवी महिने जातात, ती सगळी एका वाडीत सापडतात. पाच दिवसांच्या विसर्जनानंतरचे दोन दिवस निवडून प्रत्येक तालुक्यात विवाह व जन्म नोंदींच्या दुरुस्तीचे एकेक शिबिर भरवले, नोंदवह्या तिथे आणल्या आणि सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती तिथे पूर्ण वेळ बसली, तर अनेक घरांचे वर्षभराचे हेलपाटे त्या दोन दिवसांत वाचतील.

देवगड तालुक्यात असे शिबिर होणार असेल तर अर्ज लिहून देणे, पासपोर्टशी अक्षरे ताडून पाहणे, जुन्या नोंदवहीतले वळणदार अक्षर वाचणे, यांपैकी जे पडेल ते काम करायला मी दोन्ही दिवस येईन. माझ्या सगळ्या कागदांच्या प्रती, चुकलेल्या आणि दुरुस्त, दोन्ही, मी नमुन्यादाखल सोबत आणीन. तोवर मुलाखतीचे पत्र आले असेल, तर कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या पकडण्याआधी त्या प्रती शाळेत ठेवून जाईन. माझ्या सहकारी शिक्षिकेला त्या समजावून सांगितलेल्या आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
देवगड तालुक्यातील एक शिक्षिका